डावीकडून

आयुष्यभर मी छापखान्यात प्रुफं तपासली. दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं, त्यामुळे निवृत्तीनंतरही ती खोड गेली नाही. आमच्या शहराचा इंटरनेटवर एक मुक्त कोश आहे. कोणीही लेख लिहावा, कोणीही सुधारावा. साहजिकच बारा जणांच्या बारा तऱ्हा. शेवटी लेखनाचे नियम मीच घालून दिले. फोटोखालच्या ओळीचा नियम असा: उभी रांग आधी, मग बसलेली, नावं डावीकडून, ओळख न पटलेल्या व्यक्तीसाठी ‘अनोळखी’. फोटोत माणूस एकटाच असेल तर नुसतं नाव लिहायचं. एकट्याला कसली आलीय डावी-उजवी?

जुन्या टेलिफोन केंद्राचा लेख मी स्वतःकडे घेतला, कारण ताई तिथे एकोणतीस वर्षं ऑपरेटर होती. ती माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं आणि त्या नादात स्वतःचं लग्न राहून गेलं. आता आम्ही दोघंच. मी त्रेसष्ट वर्षांचा झालो तरी तिच्यासाठी छोट्याच आहे. ती नसेल तर मी काय करेन, हा विचार मी करत नाही.

तिच्या अल्बममध्ये केंद्रातले तीन फोटो होते. पहिल्यात पंधरा जणी, आठ उभ्या आणि सात बसलेल्या. दुसऱ्यात चौघी. तिसऱ्यात ताई आणि तिची मैत्रीण. ताईने नावं सांगितली, मी ती नियमाप्रमाणे लिहिली. हयात व्यक्तीचा ताजा फोटो लागतो, म्हणून ताईचाही एक काढला, बाहेरच्या खोलीत, सोफ्यावर. ती कायम मधोमध बसते. घरात माणसं दोन, मग अंग चोरून कशाला बसायचं, असं तिचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता पान उघडलं. पहिल्या फोटोखाली कोणीतरी बदल केला होता. उभ्या रांगेच्या शेवटी एक शब्द वाढला होता: ‘अनोळखी’. बदल करणाऱ्याचं नाव नव्हतं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘नियमाप्रमाणे’. मला राग आला, पण इतकं नेटकं काम कोशावर माझ्याशिवाय कोणी करत नाही, हेही खरं. मी तो शब्द काढला आणि खात्रीसाठी प्रुफाच्या ओळी मोजायचो तशी पट्टी धरून डोकी मोजली.

उभ्या नऊ होत्या.

आदल्या दिवशी मोजताना चुकलो असेन, अशी स्वतःची समजूत घातली. ती काही पटली नाही. अल्बम काढला. मूळ फोटोतही नऊ. नववीच्या कानांवर इतर मुलींसारखाच हेडफोन होता. चेहरा मात्र ऐन वेळी हलल्यासारखा पुसट. टोकाच्या बाईला ती अगदी खेटून उभी होती.

मी अल्बम ताईसमोर धरला. तिने बराच वेळ पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला.

“ही सोळावी,” ती म्हणाली.

फोन जोडायच्या बोर्डासमोर खुर्च्या सोळा होत्या आणि मुली पंधरा. सोळावी जागा ऑफिसने कधी भरलीच नाही.

“पण तिथले फोनही जोडले जायचे, छोट्या. आम्ही तिकडे बघायचो नाही.”

“मग काल का नाही सांगितलंस?”

“तू नावं विचारलीस. तिचं नाव मला माहीत नाही.”

दुपारपर्यंत दुसऱ्या फोटोत पाच जणी झाल्या. तिसऱ्यात तीन. दुसऱ्यात ती सुपरवायझर बाईंच्या शेजारी होती, तिसऱ्यात ताईच्या मैत्रिणीच्या. फोटोखालच्या ओळी तेवढ्याच नेटक्या दुरुस्त झालेल्या होत्या.

मी मृत्यूच्या तारखा काढल्या. त्या मीच लेखात भरल्या होत्या. टोकाची बाई त्या पंधरा जणींत सगळ्यात आधी गेली होती, फोटोनंतर दोन महिन्यांनी. चौघींत सुपरवायझर बाई आधी गेल्या. मैत्रीणही फोटोनंतर वर्षभर टिकली नव्हती.

मला भीती वाटली.

ताईचा कालचा फोटो उघडला. ती एकटीच होती. जीव भांड्यात पडला.

मग खालची ओळ वाचली. ताईचं नाव होतं तसंच होतं. त्याच्याआधी एक शब्द आला होता.

डावीकडून.

मी फोटो काढून टाकला. सगळा लेख काढून टाकला. नियम गेले खड्ड्यात.

बाहेरच्या खोलीत आलो. खिडकीतून ऊन येत होतं. ताई पेपर वाचत होती. काम झालं का, असं तिने मान वर न करताच विचारलं. मी हो म्हटलं.

ती सोफ्याच्या डाव्या टोकाला, अंग चोरून बसली होती.