दोन्ही बाजू

शिवणकाम करणाऱ्या त्या बाईला तिच्या नवऱ्यानेच मारले, याबद्दल कुणालाही शंका नव्हती. तो पकडला गेला होता आणि नाकबूलही जात नव्हता. तरीही संशोधिका दाजींच्या समोर बसून होती. पाण्याच्या पेल्याला तिने हात लावला नव्हता.

“मारेकरी सापडलाय. मग माझ्याकडे कशाला?” दाजींनी विचारले.

“त्याला खोली कशी सापडली, ते कळलेलं नाही.”

घर सोडून लपून राहणाऱ्या बायकांचा ती अभ्यास करत होती. एका न्यासाचे छोटेसे अनुदान होते. ध्वनिमुद्रणाचे यंत्र आणि प्रवास यांतच ते संपले. अहवालात नावे बदललेली. मात्र मुलाखती बनावट नाहीत याची खातरजमा करता यावी, म्हणून प्रत्येकीचा खरा पत्ता आणि तिच्या नवऱ्याचे नाव-गाव बंद पाकिटात न्यासाकडे द्यावे लागे.

“म्हणजे पत्ता तिघांना ठाऊक,” ती म्हणाली. “मला, न्यासाच्या चिटणीसबाईंना आणि परीक्षक सरांना. सरांनीच मला हे काम शिकवलं.”

“आणि तुमची भीती?”

“बाकीच्या विचारतायत, राहू की पळू? इस्त्रीचं काम करणाऱ्या एकीची मुलगी आत्ता कुठं शाळेत रमलीय. तिला काय सांगू?”

खासगी तपासात मुरलेल्या या माणसाला त्याचा मेहुणा दाजी म्हणे, म्हणून सगळेच म्हणत. मेहुणा सोबत असेच. फक्त त्याच्या डोक्यात प्रकाश जरा उशिरा पडे.

मृत बाईची खोली छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर होती. जिना दुकानातूनच वर जाई.

“त्या दिवशी इथून कुणी परकं गेलं नाही,” दुकानदार म्हणाला. “मी दिवसभर इथंच होतो. मागं लोखंडी जिना आहे, पण दुकान बंद असलं तरच तो वापरतात. म्हणजे फक्त बुधवारी.”

“मी कायम दुकानातूनच गेले,” संशोधिका म्हणाली.

मागची बोळ रंगाऱ्याच्या कारखान्याला लागून होती. नाल्यातले निळे पाणी फरशीवर पसरले होते. मेहुणा घसरून त्यातच बसला.

“दाजी, हा रंग निघेल का हो?”

“निघणार नाही. तुझ्या बायकोनं विचारलं तर मला ओळखत नाहीस म्हणून सांग.”

वरती मशीनच्या सुईखाली अर्धवट झबले तसेच अडकले होते. दोरीवरचे सगळे ब्लाउज लांब बाह्यांचे होते. दाजी त्यांच्यापाशी थांबले.

“उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला होता,” संशोधिका म्हणाली. “ते सांगण्याआधी तिनं मला यंत्र बंद करायला लावलं. मी ते लिहिलं नाही. आजवर कुणाशी बोललेही नाही.”

कोठडीत नवरा शांत होता.

“पत्ता कुणी दिला?”

“कुणीच नाही. मी चालत गेलो.”

“तिचा हात कसा भाजला?”

“तिनंच रागाच्या भरात उकळत्या दुधात घातला. कुणाला खरं वाटत नाही. पण ऐकून घेणारी माणसं असतात जगात, साहेब.”

चिटणीसबाईंनी कमरेची किल्ली दाखवली. “पाकिटं कपाटात असतात. सर मागतात, वाचतात, परत देतात. मी कशाला उघडू? मला माझ्या घरच्या भानगडी पुरेत!”

परीक्षक सर वयाने थकलेले, बोलायला मृदू होते. काठी गुडघ्यांत धरून ते म्हणाले, “फार वाईट झालं. गुणी विद्यार्थिनी आहे माझी, पण एकाच बाजूवर विश्वास टाकते. चूल कुणाच्या घरात नसते? दूध उतू जातं. प्रत्येक चट्टा नवऱ्यानंच दिलेला असतो, असं गृहीत धरता येत नाही.”

“तुम्ही तिला कधी भेटला होता?”

“छे! मी फक्त अहवाल वाचला आणि ध्वनिमुद्रण ऐकलं.”

काठीच्या बुडाच्या पांढऱ्या रबराला निळी कड होती. ती पाहून मेहुण्याला आपली पँट आठवली आणि तो हळहळला.

दुसऱ्या दिवशी दाजींनी तिघांना न्यासाच्या बैठकीच्या खोलीत बोलावले.

“सर, तिचा भाजलेला हात ना ध्वनिमुद्रणात आहे, ना अहवालात. मग दूध आणि चट्टा तुमच्याकडे कुठून आले?”

सरांनी काठी जवळ ओढली.

“दुधाची गोष्ट जगात एकच माणूस सांगतो, तिचा नवरा. तुम्ही त्याला भेटलात. त्याचं ऐकून घेतलंत.”

“दुसरी बाजू ऐकणं हा गुन्हा आहे?” सरांचा आवाज चढला. “त्याशिवाय संशोधन अपुरं राहतं. पण पत्त्याचं एक अक्षर मी त्याला सांगितलं नाही!”

“सांगायची गरजच पडली नाही. त्याचं म्हणणं ताडून पाहायला तुम्ही लगेच तिच्याकडे गेलात. बुधवार होता, दुकान बंद. तुम्ही बोळीतून, लोखंडी जिन्यानं चढलात. काठीचं रबर बघा.”

मेहुण्याने आ वासला.

“तो तुमच्या मागून चालत आला. पुढं मारायला गेला, तेव्हा दुकान उघडं होतं, तरी तो मागूनच चढला. कारण त्याला तेवढीच वाट ठाऊक होती. तुमची.”

सरांनी काठी मांडीवर आडवी घेतली आणि रबर मुठीत झाकले. “मला कळलं होतं,” ते पुटपुटले. “बातमी आली, त्याच दिवशी कळलं होतं.”

“सर, तुम्ही मला शिकवलंत,” संशोधिका म्हणाली. “बोलणाऱ्याला इजा होता कामा नये, हा पहिला धडा होता.”

“यांना शिक्षा होईल?” चिटणीसबाईंनी विचारले.

“कायद्यानं? फारशी नाही.” दाजी सरांपुढे वाकले. “आता एकच विचारतो. आणखी कुणाच्या नवऱ्याला भेटलात?”



“एकीच्या. मग तिच्याकडेही गेलो होतो. ती इस्त्रीवाली.”

संशोधिका तेव्हाच दाराबाहेर पडली होती.

इस्त्रीवालीने कडी काढली, तेव्हा तिच्या हातात गरम इस्त्री होती. मागे मुलगी जमिनीवर बसून वहीला कव्हर घालत होती. बाईने संशोधिकेच्या चेहऱ्याकडे पाहिले, मग दाजींकडे, मग त्यांच्या मागच्या रस्त्याकडे.

“पुन्हा?” तिने विचारले.

तिने इस्त्री उभी केली, प्लग काढला आणि दोरीवरचा मुलीचा गणवेश ओलाच घडी करायला घेतला.