बटणांच्या डब्यातल्या गोळ्या

औषधाच्या दुकानात मी धापा टाकत शिरले आणि काउंटरवर बटणांचा डबा उपडा केला. बटणं घरंगळली... त्यांच्यात सुट्या सुट्या गोळ्याही.

"हे काय, शर्टाला गोळ्या लावता की काय?" औषधवाला हसला.

"शिवणकाम करते. पट्टी दिसली की कात्रीने एकेक घर सुटं करून डब्यात टाकते... हाताची खोडच! बाबांची दाढ सुजलीय. दातांच्या डॉक्टरांनी कालपासून हे अँटिबायोटिक दिलंय." मी पर्समधून अजून न कापलेली पट्टी काढली. "सोबत ही पांढरी देतेय, दुखण्याची... चालेल ना?"

"तुमच्या कात्रीने नावच कापलंय हो!" तो कापलेले तुकडे एकमेकांशेजारी जुळवू लागला, फाटका कागद जोडावा तसा. "पॅरासिटामॉल. बाबांच्या या अँटिबायोटिकसोबत चालतं. आणि ही पिवळी?"

"सर्दीची. तीही देतेय कालपासून."

त्याचं हसू मावळलं. "हिच्यातही पॅरासिटामॉलच आहे. एकच औषध दोन वाटांनी पोटात जातंय. फार झालं तर यकृताला धोका."

आई गेल्यापासून बाबांशिवाय मला होतं कोण?

त्याने स्टूल पुढे केलं. "किती दिल्या? आठवा... सावकाश." मी बोटांवर मोजत गेले, तो लिहीत गेला. मग त्याने डॉक्टरांना फोन लावला. मी नुसती त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले.

"अजून मर्यादेत आहे," तो वळून म्हणाला, आणि माझे डोळे भरून आले. "सर्दीची बंद. पांढरी दुखलं तरच, निदान सहा तासांच्या अंतराने. अँटिबायोटिक मात्र बरं वाटलं तरी डॉक्टरांनी सांगितलेत तेवढे पाचही दिवस."

त्याने माझा नंबर लिहून घेतला. मग रोज त्याचा फोन. बाबा गालावर हात ठेवून मिश्कील हसत, "हा माझी दाढ विचारतो, की तुझी खुशाली?"

"बाबा!"

औषध संपलं, सूज उतरली. मी दुकानात गेले. "तुमचे उपकार कसे फेडू?"

"फेडू नका." तो सरळच असलेल्या बाटल्या पुन्हा सरळ करत होता. "बाबा बरे झाले, आनंदच आहे. फक्त... आता फोन करायला निमित्त नाही. आणि मला तर तुमच्या आवाजाची सवय झालीय."

कानांच्या पाळ्या तापल्या माझ्या. "उद्या चहाला या घरी."

"बाबा बोलावतायत... की तुम्ही?"

"मी," मी म्हटलं — आणि पळून न जाता तिथेच उभी राहिले.