पानांत अडलेला निरोप

हर्षालीने पहिली डबी बांधली ती चुकीच्या बागेत.

इंदिरानगरच्या ऑफिसातून निफाडला येताना तिच्याकडे सहादूनानांच्या बागेचा नकाशा होता, आणि नकाशा असला की माणूस कुणाला विचारत नाही. ती द्राक्षाच्या तारेवर पुढची डबी आवळत असताना मागून आवाज आला.

"मॅडम, सहादूनानांची बाग बांधाच्या पलीकडं हाय."

"मग ही?"

"आमची." तो जरा थांबला. "राहू द्या आता. बांधलंय तर... सोडता कशाला?"

हा रविराज. त्याच्या वडिलांनी, खंडेरावांनी, डबी उलटीपालटी करून पाहिली, "पाला खात नाय ना?" एवढंच विचारलं आणि परवानगी दिली.

डब्यांनी जमिनीत सोडलेल्या वायरीने मातीतला ओलावा मोजायचा आणि बिनतारी निरोपाने एकमेकींना सांगत सांगत आकडा विहिरीवरच्या खोलीपर्यंत पोचवायचा. बॅटरी जपायची, म्हणून बोलायचं हळू... शेजारणीला ऐकू जाईल एवढंच.

"अन् मधलीनं वाचलं तर?" रविराजने विचारलं.

"निरोपाला कुलूप असतं. पुढे द्यायचा, वाचायचा नाही."

"आमच्या गावात उलटं. सगळे वाचतात, अन् पुढं देताना वाढवून देतात."

छाटणी नुकतीच झाली होती. उघड्या बागेत निरोप बिनबोभाट पोचत होते. मग पालवी फुटली, पानं दाटली आणि डब्या एकेक करून गप्प झाल्या. पानातलं पाणी असली हळू लहर पिऊन टाकतं, हे हर्षालीला कॉलेजात शिकवलं होतं. द्राक्षाला पानं येतात, हे शिकवलं नव्हतं.

ती दर आठवड्याला येऊ लागली. ती डबी हलवायची, तो वेल बाजूला धरायचा. तो पानाआडून तिच्याकडे बघायचा, ती मीटरकडे. मीटर बंद आहे, हे तिला बऱ्याच वेळाने कळायचं.

"साहेब म्हणतात, भरल्या पानांत डब्यांचं जाळं चाललं नाही तर प्रकल्प बंद," तिने एकदा सांगितलं. तिने स्वतः आखलेलं ते पहिलंच जाळं होतं. रविराज दोन डब्यांमधला पाला न्याहाळत राहिला.

पुढच्या आठवड्यात सगळ्या डब्या बोलू लागल्या. ऑफिसातल्या पडद्यावर सगळं हिरवंगार. साहेबांनी पेढे मागवले. "आता निफाडला जायची गरज नाही," म्हणाले. पेढा गोड का लागत नाही, हे हर्षालीला कळेना. साखर कमी असावी, असं तिने ठरवलं.

रविवारी ती निफाडला निघाली. घरी कारण विचारलं, तेव्हा "बॅटरी" म्हणाली.

बागेत डबीपासून डबीपर्यंत सरळ बोळ पडला होता. तेवढ्यातली पानं एकेक करून खुडलेली, आणि उघड्या पडलेल्या घडांना वर्तमानपत्र गुंडाळलेलं.

"उन्हाथंडीत मणी गुलाबी पडतात. व्यापारी घेत नाय," रविराज म्हणाला. जणू तिने कागदाबद्दलच विचारलं होतं.

"पानं का काढली?"

"तुमचं काम बंद पडत होतं."

"अहो, चाचणी पानांतच व्हायला हवी होती. आता ती खोटी झाली."

त्याचा चेहरा उतरला. "हे नव्हतं माहीत."

"आणि जाळं चाललं की मी येणार नाही... हे?"

"हे माहीत होतं." तो कागदावरची सुतळी उगाच आवळत राहिला. "लय विचार केला. मग खुडली."

हर्षालीने साहेबांना फोन लावला. चाचणी खोटी आहे, डब्या पानांच्या वर खांबावर न्याव्या लागतील, पाला भरला की पुन्हा तपासू... सगळं एका दमात. साहेबांनी एवढंच विचारलं:

"पाला पुन्हा कधी?"

"एप्रिलच्या छाटणीनंतर," रविराज हळूच म्हणाला, आणि तिने तेच पुढे सांगितलं.

"तोवर थांबतो. तेव्हा नाही चाललं, तर मात्र बंद." फोन ठेवला गेला.

"म्हणजे एप्रिलपर्यंत इथं काम नाय," रविराज म्हणाला.

"नाही. तरी येईन मी."

"मग... याल कशाला?"

"ते मलाही नीट कळलेलं नाही."

"आमच्याकडं कामाशिवाय कुणी परत आलं, की लोक एकच अर्थ काढतात, मॅडम."

"हर्षाली म्हणा," ती म्हणाली, आणि शेजारच्या उघड्या घडाला कागद गुंडाळायला लागली. "आणि काढू द्या लोकांना."