खाडीकाठी वाळ्याचा कूलर

फ्यूजची तार घ्यायला आलेला माणूस कूलरच्या जाळीला नाक लावून उभा राहिला, तेव्हा सुगंधाला आधी हसू आलं आणि मग जरा काळजी वाटली.

"अहो साहेब, बरं वाटत नाही का?"

"वाळा..." तो डोळे मिटूनच म्हणाला. "अस्सल वाळा आहे हो!"

भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला, बाजाराच्या तोंडाशी महिपत कदमांचं पंख्यांचं दुकान होतं. दुकान महिपतरावांचं, पण राज्य त्यांच्या लेकीचं. मॅट्रिक झाल्यापासून सुगंधाच गल्ल्याशेजारी उभी असायची. छप्पर पत्र्याचं की कौलारू, खिडकी कुठल्या अंगाला, असं विचारून कुणी कुठला पंखा घ्यायचा ते तीच ठरवायची. उत्तनच्या टेरेझाबाई तर घरात किती माणसं घोरतात तेही तिला सांगून जायच्या. हा कूलर मात्र महिपतरावांनी मुंबईच्या एका व्यापाऱ्याच्या गोड बोलण्याला भुलून आणला होता, आणि सुगंधा तो कुणाला घेऊ देत नव्हती. "बापाने माल आणायचा आणि लेकीने गिऱ्हाईक पळवून लावायचं," महिपतराव कपाळाला हात लावायचे.

"हा मला द्या," त्या माणसाने डोळे उघडले. डोळे चांगले होते, हे तिने पाहून ठेवलं. "मी प्रभाकर गावंडे. अकोल्याचा. मीठ खात्यात इन्स्पेक्टर म्हणून नुकताच इथे आलोय."

"अकोल्याचे? मग तुम्हाला तर मुळीच मिळणार नाही."

"का? अकोल्याच्या माणसाला बंदी आहे?"

"भाईंदरात कूलरलाच बंदी आहे. माझी."

"अहो, पण का?"

"मला सांगा, तुमच्याकडे मे महिन्यात ओली चादर किती वेळात वाळते?"

"झटकता झटकता!"

"तेच तर. तुमची हवा तहानलेली. कूलरमधलं पाणी ती पिते आणि गार होते. आमची हवा खाडीवर पोटभर पिऊन आलेली असते. तिला कितीही आग्रह करा, ती थेंबभर जास्त घेणार नाही."

प्रभाकरने हाताची घडी घातली. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी लबाड हललं. "बाई, मी मीठ खात्यातला माणूस आहे. रोज सकाळी मिठागरं बघतो. डोळ्यांदेखत खाडीचं पाणी वाळून पांढरंशुभ्र मीठ होतंय, आणि तुम्ही मलाच सांगताय इथे पाणी वाळत नाही?"

सुगंधा अडखळली. आजवर तिच्याशी असा वाद कुणी घातला नव्हता. लोक 'बरं ताई' म्हणायचे आणि ती सांगेल तो पंखा उचलायचे. हा मात्र तिच्याकडे टक लावून उत्तराची वाट बघत होता... आणि वाट बघताना छान दिसत होता.

"ते उन्हात वाळतं, साहेब," ती शेवटी म्हणाली. "खोलीत ऊन घेऊन झोपणार आहात का?"

तो इतका मोकळा हसला की आतून महिपतराव धावत आले. लेकीने तोंड उघडायच्या आत त्यांनी पावती फाडली आणि अकोल्याचा माणूस हातगाडीवर कूलर लादून वरातीसारखा निघून गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो दुकानात हजर. "झकास चाललाय," त्याने न विचारता सांगितलं. त्यानंतर आला तेव्हा त्याची काडेपेटी पेटत नव्हती. मग गादीला वास यायला लागला, मग पापड तळण्याआधीच वाकले. पण हार मानायचं नाव नाही. 'पाणी कमी घालू का?' 'वाळा नवा लावू का?' रोज एक नवा प्रश्न. प्रश्न संपला तरी तो थांबायचा, आणि सुगंधालाही एक स्वच्छ पंखा पुन्हा पुसायचा असायचा.

"खिडकी उघडी ठेवता ना?" तिने एकदा विचारलं.

"छे! दुपारी दारं-खिडक्या घट्ट बंद. नाहीतर झळा आत येतील."

"झळा?" तिला हसू आवरेना. "अहो, तुमच्या अकोल्यात झळा! इथे दुपारी खाडीवरचा वारा येतो. तो बाहेर ताटकळत उभा, आणि तुम्ही आत ओलीला कवटाळून बसलाय!"

प्रभाकर कानापर्यंत लाल झाला. "मले काय माहीत..." असं बोलून गेला आणि आपली वऱ्हाडी निसटली म्हणून आणखीच लाल झाला. सुगंधाला तो त्या क्षणी फार आवडला.

"मग एअरकंडिशनरच घेतो," तो चिडून म्हणाला.

"घ्या की. आधी पगार गहाण टाका, मग कौलं उतरवा. कौलांच्या फटींतून सगळा गारवा वर कावळ्यांना जाईल. आणि संध्याकाळी व्होल्टेज असं की बल्बला काजळी तेवढी धरत नाही, नाहीतर कंदीलच. ते मशीन नुसतं कण्हत बसेल. एवढी हौस कशासाठी म्हणते मी? एक पंखा घ्या साधा."

तो गल्ल्याला टेकला. मग हळूच म्हणाला, "माय येणार आहे अकोल्याहून. वडील गेल्यापासून एकटी असते. 'इकडे ये, तुला गारेगार ठेवतो,' असा शब्द दिलाय मी तिला. तिला इथे नाही करमलं, तर... बदली मागून परत जाईन. तिला एकटं नाही ठेवायचं मला."

सुगंधाच्या हातातलं फडकं थांबलं. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. सुगंधे, तू या माणसाच्या प्रेमात पडलीस, तिने स्वतःला बजावलं. आणि आता एका म्हातारीच्या घामावर तुझा जीव टांगलाय.

माय आल्या. दोनच दिवसांनी प्रभाकर दुकानाच्या पायरीवर उभा राहिला. ओठांच्या कोपऱ्यातलं ते लबाड काहीतरी कुठेच नव्हतं.

"माय म्हणते, चल परत."

सुगंधाने एक टेबल फॅन उचलला. हवा बाहेर फेकणारा छोटा पंखा त्याच्या हातात दिला. "चला."

"अगं, दुकान सोडून कुठे?" महिपतराव ओरडले.

"गिऱ्हाइकाकडे!"

खोली पहिल्या मजल्यावर होती. आत पाऊल टाकताच ओल अंगाला चिकटली. खाटेवर माय पदराने वारा घेत बसल्या होत्या.

"ही कोन वं?"

"पंखेवाली आहे, मावशी." सुगंधाने आधी कूलर बंद केला, मग खाडीकडची खिडकी धाडकन उघडली. स्वयंपाकघराच्या झरोक्यात छोटा पंखा प्रभाकरकडून बसवून घेतला, तारा स्वतः जोडल्या. टेबल फॅन खिडकीपाशी ठेवला, वारा आत ओढेल असा. दोन्ही पंखे फिरले. कोंदट हवा झरोक्यातून बाहेर जायला लागली आणि खिडकीतून खारा वारा आत शिरला. मायच्या कपाळावरचे पांढरे केस उडायला लागले. त्यांनी पदर खाली ठेवला.

"घाम हाय अजून," माय म्हणाल्या, "पन जीव नाही घाबरत आता. मोठी हुशार हायस वं पोरी. किती झाले याचे?"

आता नुसतं 'इथेच राहा मावशी, सवय होईल' म्हटलं असतं तरी चाललं असतं. सुगंधाच्या ओठांवर ते आलंही. पण जे नाही ते आहे म्हणून गळ्यात मारणं तिला कधी जमलंच नव्हतं.

"पैशांचं राहू द्या. मावशी, खरं सांगते. पंखे लावले तरी इथला उन्हाळा तुम्हाला अवघडच जाणार. हे मी तुमच्यासाठी केलं, पण... माझ्यासाठीही केलं. तुमचा मुलगा इथून जाऊ नये, असं वाटतं मला. फार वाटतं."

स्टुलावर उभा असलेला प्रभाकर पडता पडता वाचला.

माय तिच्याकडे बघत राहिल्या. मग लेकाकडे. मग पुन्हा तिच्याकडे. "काहून रे," त्या म्हणाल्या, "मले वाटलं तुले इथं कोनी नाही. एकटा पडला असशीन, म्हनून चल म्हटलं. मले काय एकटीचं भेव हाय? शेजारी बहीन हाय माही. उन्हाळाभर मी अकोल्यात, तो कूलर दे माह्या संगं. पानी-पाऊस सुरू झाला का येतो मी इथं. तवा इचे बाबा भेटतीन ना?"

"भेटतील," सुगंधा कशीबशी म्हणाली आणि जिना उतरायला लागली.

"सुगंधा!" प्रभाकर मागून धावत आला. दोन पायऱ्या वर थांबला. घामाघूम, श्वास लागलेला. "मायला सगळं सांगितलंस... मला कुणी विचारलंच नाही."

तिने कठडा धरला. "बरं, विचारते. राहाल इथे? या चिकट हवेत, या घामात... माझ्यासोबत?"

"राहीन," तो म्हणाला, आणि त्या दोन पायऱ्या उतरून तिच्याशेजारी येऊन उभा राहिला.