मागच्या सीटचा पट्टा

कुणाला घाबरवायला मी हे लिहीत नाहीये. उलट हा सगळा माझ्याच मनाचा खेळ आहे असं कुणीतरी मला सांगावं, म्हणून लिहितेय.

घडलं तेवढंच सांगते. पदरचं एक अक्षर नाही.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आम्ही परदेशात, समुद्रकाठच्या एका गावी सुट्टीला गेलो होतो. आम्ही म्हणजे मी, माझा नवरा आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आईच म्हणते. हे घडलं तो शनिवार होता. दुपार कलायला लागली होती.

रात्र नव्हती, हे आधीच सांगते. चांगलं लख्ख ऊन होतं.

सासरे जाऊन वर्ष व्हायचं होतं. आईंनी आयुष्यभर घरात पाळणाघर चालवलं. अख्ख्या कॉलनीची पोरं त्यांच्या कडेवर वाढली. सासरे गेले आणि त्यांनी पाळणाघर बंद केलं. पाठोपाठ बोलणंही बंद केलं. विचारलं तर उत्तर, वाढलं तर जेवण. माणूस समोर बसलेलं असायचं आणि नसायचंही.

म्हणूनच ही सहल काढली होती.

तिथेही त्या दोन दिवस खोलीच्या खिडकीत बसून होत्या. तिसऱ्या दिवशी हॉटेलच्या भिंतीवर त्यांना एक फोटो दिसला. चिखल उडवत जाणारी उघडी मोटार, बग्गी म्हणतात ती, आणि त्यात ओरडणारी माणसं.

"मला यात बसायचंय," आई म्हणाल्या.

"अगं आई, कंबर मोडेल तुझी," नवरा म्हणाला.

"मोडू दे. जपून तरी काय करायचंय तिला?"

कितीतरी महिन्यांनी त्या असं काही बोलल्या होत्या. आम्ही लगेच निघालो.

गावाबाहेर पत्र्याची एक शेड होती. आत पेट्रोलचा वास. खिळ्यांना उलटी टांगलेली हेल्मेटं. बग्गी चार सीटची. दारं नाहीत, वर नुसता लोखंडी पाइपांचा सांगाडा, खाली ट्रॅक्टरसारखी खाचांची चाकं. आमचा गाइड पन्नाशीचा असेल. मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलायचा. पण सूचना इतक्या घोटून घोटून दिल्या त्याने, की नवऱ्याने त्याचं नाव ठेवलं मास्तर.

मास्तर त्याच्या छोट्या बग्गीत पुढे जाणार. मागून आमची बग्गी, नवरा चालवणार. मी त्याच्या शेजारी. आई मागे, नवऱ्याच्या पाठीशी. माझ्या पाठीमागची सीट रिकामी.

मास्तरने आमचे पट्टे तपासले.

मग वळसा घालून पलीकडे गेला... आणि रिकाम्या सीटचा पट्टा लावला.

ओढून घट्ट केला. पुन्हा ओढून बघितला.

"तिथे कुणी बसणार नाहीये," नवरा म्हणाला.

"सुटा राहिला की आपटतो. आवाज होतो," मास्तर म्हणाला. वर बघितलं नाही त्याने.

नवरा माझ्याकडे झुकला. "याच्यावर लक्ष ठेव. मला हा माणूस सरळ वाटत नाही."

मी हसले. माझा नवरा ताकही फुंकून पिणारा. त्या सहलीत त्याने टॅक्सीवाल्यावर संशय घेतला होता, शहाळेवाल्यावर घेतला होता. हॉटेलातल्या काचपेटीतले मासेसुद्धा त्याला खोटे वाटले होते.

पण त्या दिवशी मला जरा वेळाने हसू येईना.

कारण मास्तर सारखा मागे वळून बघत होता. गाइडने बघावंच, ते ठीक. पण तो आमच्याकडे बघत नव्हता.

माझ्या खांद्यावरून मागे बघत होता.

रस्ता लाल मातीचा. गाडी खड्ड्याखड्ड्यातून उडायची. चिखल तोंडावर. इंजिनाचा आवाज असा, की शेजारच्याशीही किंचाळून बोलावं लागे. मी आरशात आईंना बघितलं. म्हटलं, घाबरल्या तर नाहीत?

आई हसत होत्या.

तोंडभर हसत होत्या. माझे डोळेच भरून आले.

मग माझ्या लक्षात आलं...

त्यांचे ओठ हलत होते. त्या मान वळवून बोलत होत्या. मग थांबत होत्या. मान डोलवत होत्या. पुन्हा बोलत होत्या.

गाणं म्हणत असतील, मी स्वतःला सांगितलं.

पुढे एक ओढा लागला. मास्तरने मूठ वर केली. थांबा. नवरा इंजिन बंद करून फोटो काढायला पाण्याकडे गेला. मी आईंना उतरवायला मागे आले.

"तू पण उतर की गं," आई म्हणत होत्या. "नाही? बरं, राहू दे."

त्या माझ्याशी बोलत नव्हत्या.

"आई... कोणाशी बोलताय?"

"हिच्याशी." त्यांनी हाताने शेजारी दाखवलं. इतकं सहज, जसं शेजारीण आलीये.

"ही कोण?"

"नाव नाही सांगत. पण बोलते किती गोड! आणि आपल्याच भाषेत गं. इतक्या लांब आपली भाषा कानावर पडली की बरं वाटतं."

मनात पहिलं आलं ते डॉक्टरांचं नाव. दुःखाने माणसाला असं होतं, वाचलं होतं मी. घरी गेल्यावर दाखवू या. हे सगळं मी मनाशी बोलत होते आणि माझी नजर त्या सीटवर गेली.

रिकाम्या सीटवरचा पट्टा कसा असतो? सपाट. रेक्झिनला चिकटलेला.

हा तसा नव्हता...

हा पुढे आलेला होता. ताणलेला. पट्टा आणि सीट यांच्यामध्ये एका माणसाच्या पोटाएवढी जागा होती.

मी वर बघितलं. मास्तर शेजारी येऊन उभा होता. त्याला आमची भाषा कळत नव्हती. तरी त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय म्हणतायत या?" त्याने विचारलं.

"काही नाही. वय झालंय," मी म्हणाले.

तो पट्ट्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "परत जाऊ या."

नवऱ्याच्या कानावर घातलं, तर तो भलतंच घेऊन बसला. "याने पाण्यात काही घालून दिलं का आईला?"

"बाटली आपली होती."

"मग फेरीतला समुद्रकिनारा बघायचा बाकी असताना हा अर्ध्यातून परत का चाललाय? काहीतरी शिजतंय याचं."

पण थांबून तरी काय करणार? रस्ता त्यालाच माहीत. तो पुढे, आम्ही मागे.

परतीचा रस्ता दुसरा होता. रबराच्या झाडांमधून. सरळ रांगा, प्रत्येक खोडाला चीर, चिरेखाली बांधलेली वाटी. मास्तर आता सुसाट सुटला होता. नवरा दात-ओठ खात त्याच्या मागे.

आई पुढे वाकल्या. माझ्या कानाशी ओरडल्या, "अगं, तिला पट्टा काचतोय!"

"आई, नीट बसा! हात आत घ्या!"

"रडतेय गं ती!"

मी समोरचा पाइप घट्ट धरला. समोर बघत राहिले. मला मागे बघायचंच नव्हतं.

आणि इंजिनाच्या त्या घरघरीत मला स्पष्ट ऐकू आलं...

खट्.

क्षणभर काही नाही. मग पुन्हा.

खट्.

मी मागे वळले.

मागच्या दोन्ही सीट रिकाम्या होत्या. दोन्ही पट्टे बाहेर लोंबत होते.

मी कशी किंचाळले मला आठवत नाही. नवऱ्याने ब्रेक दाबला. गाडी घसरून रस्त्यात आडवी थांबली. मास्तर गर्रकन वळून मागे आला. दोन्ही इंजिनं बंद झाली.

आणि मग ती शांतता...

पाखरू नाही. वारा नाही. वाट्यांमध्ये चीक पडतो त्याची टपटप तेवढी होती.

मग तीही थांबली.

धावत्या गाडीतून साठी उलटलेली बाई उतरली, तर पडलेली दिसायला हवी. लागलेलं दिसायला हवं. आम्ही मागे धावत गेलो. ओल्या मातीत आमच्याच चाकांच्या खाचा होत्या. पावलाचा ठसा एकही नाही.

नवरा झाडांत घुसायला निघाला. मास्तरने त्याचा दंड धरला.

मला म्हणाला, "तू हाक मार. घरात मारतेस तशी."

"आई!"

"ओऽऽ!"

डावीकडून. आईंचीच ओ. ती मी हजारांत ओळखेन. शेवटाला किंचित वर चढणारी, पोरं सांभाळून सांभाळून झालेली.

नवरा डावीकडे धावला. मी पुन्हा हाक मारली, "आई, कुठे आहात?"

"ओऽऽ!"

उजवीकडून... लांबून.

तोच आवाज. तसाच चढलेला.

नवरा जागच्या जागी थांबला. मी तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तर मास्तरने माझ्या तोंडावर हात दाबला. त्याच्या हाताला ग्रीसचा वास येत होता.

नवरा त्याच्यावर तुटून पडला. कॉलर धरली. "काय चाललंय तुझं? तुझी माणसं आहेत ना झाडांत? कुठे नेलंत माझ्या आईला?"

"किती रे आरडाओरडा करता!"

आवाज आमच्या पाठीमागून आला.

आई बग्गीपाशी उभ्या होत्या. हेल्मेट हातात. केस जसेच्या तसे चोपून बसलेले. आम्ही तिघं चिखलाने माखलो होतो. त्यांच्या चपलेलाही माती नव्हती.

नवऱ्याने जाऊन त्यांना मिठीच मारली. मी मात्र होते तिथेच उभी राहिले. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

"आई, कुठे गेला होतात?"

"तिला उतरवायला."

"मग तिकडून ओ देऊन आला का नाहीत?"

"मी कुठे ओ दिली?" आई म्हणाल्या. "ती देत होती. मला म्हणाली, तुम्ही गप्प राहा, मी देते."

मास्तरने मला विचारलं, "पट्टा कोणी सोडला?"

मी आईंना विचारलं.

"मी सोडला," आई म्हणाल्या. "किती दिवस बांधून ठेवायचं पोरीला एका जागी? जीव नाही का कासावीस होणार?"

मी त्याला नीट सांगितलंही नव्हतं. तो खाली चिखलातच बसला. हेल्मेट काढलं आणि तोंड हातांत घेतलं. रडत होता की सुटल्यासारखा हसत होता, मला आजही सांगता येणार नाही.

आम्ही शेडवर पोहोचलो. नवरा आईंना घेऊन टॅक्सीत बसला. मी हेल्मेट परत करायला मागे राहिले. दुसरी मंडळी बग्गीत बसत होती. मास्तरने त्यांचे पट्टे तपासले. मागे एक सीट रिकामी होती. तिचा पट्टा खाली लोंबत होता, पाइपावर आपटत होता.

त्याने त्याला हातही लावला नाही.

"कोण आहे ती?" मी विचारलं.

त्याने ग्रीसचे हात फडक्याला पुसले. मग टॅक्सीकडे बघत म्हणाला, "मी रोज पट्टा लावताना हाक मारायचो. मला एकदाही उत्तर दिलं नाही तिने."

एवढंच. तो निघून गेला.

घरी आल्यावर आई पार बदलल्या. चांगल्या अर्थाने, असं सगळे म्हणतात. पोटभर जेवतात. दुपारी बाल्कनीत बसून हसतात. नवरा तर म्हणतो, त्या मास्तरला मिठाई पाठवायला हवी, आई परत मिळाली आपली.

मीही खूश व्हायला हवं होतं.

पण आई आता ओ देत नाहीत.

स्वयंपाकघरातून हाक मारा, उत्तर नाही. दुसऱ्यांदा मारा, नाही. आणि वळून बघावं तर त्या मागेच उभ्या असतात... अगदी जवळ. कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. कान ठणठणीत आहेत.

"आई, ओ तरी द्यायची," मी एकदा म्हणाले.

"ओ कशाला? आले ना मी."

नवऱ्याला सांगितलं तर तो माझ्यावरच हसला. "संशयाचं खातं माझ्याकडे होतं. तू कधीपासून घेतलंस?"

मीही तेच म्हणत होते स्वतःला. गेल्या आठवड्यापर्यंत.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी मी आणि आई खाली भाजी आणायला गेलो होतो. नवरा मधल्या वेळात ऑफिसमधून आला, लॅच उघडून आत शिरला आणि आंघोळीला गेला. आम्ही वर आलो तेव्हा बाथरूममध्ये पाणी वाजत होतं.

जेवताना तो मला चिडवत म्हणाला, "तुझी तक्रार मिटली बरं का. आज आईने ओ दिली."

"कधी?"

"मगाशी. नळ सोडायच्या आधीच लक्षात आलं, टॉवेल विसरलोय. बाथरूममधून हाक मारली. लगेच ओ दिली. दारातून टॉवेलही दिला."

माझा घास हातातच राहिला. त्याला वाटतंय, आम्ही घरात होतो.

मी आईंकडे बघितलं. त्या त्याच्या पानात भाजी वाढत होत्या. शांतपणे. त्यांनी नजर वर केली, माझ्याकडे बघितलं आणि जराशी मान हलवली. नको, असं.

मी नवऱ्याला अजून काही सांगितलेलं नाही.

आणि या घरात आता मी कुणालाच हाक मारत नाही.