शुक्रवारची लोण्यातली मासळी

"रविवारी बाबा हे पत्र सगळ्या यॉर्कशायरसमोर मांडणार आहेत," नोरा मेटकाफ म्हणाली. "खोटं निघालं, तर चाळीस वर्षांच्या कामाचं हसं होईल."

गावोगावची कोडी सोडवणाऱ्या हेस्टर थ्वेटने पत्र हातात घेतलं. तिचे सहकारी बूथरॉइड जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. ते तिसरा बन संपवण्यात गुंतले होते.

तिसऱ्या रिचर्ड राजाने गादीसाठी दोन कोवळे पुतणे मारले, असं अर्धं इंग्लंड म्हणतं. हार्थवेट गावात तसं म्हणायची सोय नाही. राजा उत्तरेचा, आपला. त्याची बाजू लढता लढता नोराच्या वडिलांचे, ॲम्ब्रोज यांचे, डोळे अधू झाले. अशात चर्चच्या पेटीत हे पत्र सापडलं.

'२ एप्रिल १४८४, शुक्रवार. दोन्ही राजपुत्र आमच्या किल्ल्यात खुशाल आहेत. आज सर्वांसाठी मासळी लोण्यात भाजली, वर उकडलेल्या अंड्याच्या चकत्या. धाकट्याने दोनदा मागून घेतली.' खाली किल्ल्याच्या कारभाऱ्याची सही.

"मुलं दिसेनाशी झाली ती या पत्राच्या आदल्या उन्हाळ्यात," नोरा म्हणाली. "मी पहिली ओळ वाचून दाखवली आणि बाबा रडायलाच लागले. पुढचं ऐकलंच नाही त्यांनी."

"कागद तपासलात?"

"पाचशे वर्षांचा आहे."

"मग प्रश्नच मिटला," बूथरॉइड म्हणाले.

"तुमचा बन मिटला असेल, तर निघू या."

पाद्रीणबाई फीबी लुंड यांनी पाहुण्यांना दुधाचा चहा आणि केक दिला. स्वतः कोरा चहा आणि कोरडा पाव घेतला.

"ईस्टरपर्यंत दूध, लोणी, अंडी बंद," त्या हसून म्हणाल्या. "पूर्वी अख्खा देश पाळायचा. आता मी एकटी. मन शांत राहतं."

बूथरॉइडनी केक ओशाळून खाली ठेवला आणि थोड्या वेळाने परत उचलला.

"पत्र वाचलंत?"

"ॲम्ब्रोज रविवारपर्यंत दाखवेल तर शपथ. पेटीची किल्ली मात्र दारामागच्या खिळ्याला असते. गावाला ठाऊक आहे."

राजाला खुनी म्हणणारा गावात एकच माणूस होता. कथबर्ट रेन, ॲम्ब्रोजचा शेजारी आणि पन्नास वर्षांचा दोस्त. पुस्तकं बांधण्यात त्याचा जन्म गेला होता. हेस्टर आणि बूथरॉइड त्याच्याकडे पोचले, तेव्हा तो उकडलेलं अंडं कापत होता.

"जेवूनच जा. शुक्रवारी मासळी, ही आईची रीत."

"उपवास नाही का तुम्हाला?" बूथरॉइडनी विचारलं.

"आम्ही चॅपलवाले, मोठ्या चर्चपासून फुटलेले. असले उपवास आमच्या सात पिढ्यांत नाहीत."

हेस्टर फळीवरचा कोऱ्या, पिवळ्या पानांचा गठ्ठा पाहत होती.

"जुन्या पुस्तकांतली," तो म्हणाला. "टाकवत नाहीत."

"पत्रामुळे तुम्ही वादात हरलात म्हणायचं."

"हरलो," कथबर्ट निमूटपणे म्हणाला.

शनिवारी सकाळी सगळे ॲम्ब्रोजच्या बैठकीत जमले. हेस्टरने पत्र शेवटपर्यंत वाचलं. मासळीच्या ओळीपाशी ॲम्ब्रोज ताठ बसला.

"तो शुक्रवार ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासातला," हेस्टर म्हणाली. "त्या काळी किल्ल्यात सगळ्यांच्या पानात लोणी आणि अंडी? कारभाऱ्याने असं लिहून सही केली नसती. पाद्रीणबाई ही चूक करणार नाहीत, त्या आजही तो उपवास पाळतात. ॲम्ब्रोजना तो काळ तोंडपाठ, शिवाय आता अक्षर दिसत नाही. ही चूक उपवास ठाऊक नसलेल्या माणसाची. त्याच्याकडे जुनी कोरी पानं आहेत. आणि शुक्रवारचं म्हणून त्याला एकच पदार्थ सुचला, स्वतःच्या आईचा."

कथबर्ट टोपी कुरवाळत राहिला.

"पण हा तर राजाला खुनी म्हणतो," बूथरॉइड गोंधळले.

"म्हणून तर. जन्मभर भांडणारा माणूस निमूट 'हरलो' म्हणाला."

"सोमवारी त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे," कथबर्ट पुटपुटला. "ते फसलं तर उजेड पुरता जाईल. त्याआधी एकदा जिंकू दे म्हटलं. रविवारचा बेत कळला, आणि मग तोंड उघडेना."

मग ॲम्ब्रोजचे खांदे हलू लागले. तो हसत होता.

"लेका, भर उपवासात राजपुत्रांना अंडी चारलीस. आणि पत्र आल्यापासून भांडायलाही आला नाहीस. सुतकात बसल्यासारखा होतो मी." त्याने चाचपडत कागद हेस्टरकडे सरकवला. "राजाने मारलं नाही हे यावरून ठरत नाही."

"मारलं हेही नाही," हेस्टर म्हणाली.

"नोरा, रविवारची सभा होईल. हे पत्र खोटं, हे मी स्वतः सांगणार. मग हा फिर्यादी, मी राजाचा वकील."

कथबर्टने टोपी डोक्यावर चढवली. आठवड्यात पहिल्यांदाच त्याचा आवाज खणखणला.

"तुझा राजा खुनीच होता."

"पुरावा दाखव," ॲम्ब्रोज म्हणाला, आणि सुखाने खुर्ची पुढे ओढली.