ओल्या छत्रीची पिशवी

"अहो, तुमची छत्री माझ्या बुटात गळतेय."

चष्मेवाल्याने खाली पाहिलं. खरंच की! बस खचाखच भरलेली, बाहेर सकाळपासून रिपरिप चाललेली, आणि त्याच्या छत्रीच्या टोकावरून पाणी ठिबकत होतं ते नेमकं समोर बसलेल्या मुलीच्या बुटात.

"सॉरी... सॉरी हं," म्हणत त्याने छत्री पलीकडे धरली. पलीकडे एक आजोबा बसले होते. त्यांनी असे काही डोळे वटारले, की छत्री निमूटपणे परत आली.

"राहू द्या," ती म्हणाली. "हा बूट गेलाच कामातून. दुसरा तरी कोरडा राहू दे." आणि हसली. हसताना तिचं नाक किंचित आक्रसायचं. चष्म्याच्या दुकानात उभं आयुष्य लोकांच्या नाकांची मापं घेण्यात घालवलेला हा माणूस, पण असं नाक काही त्याने पाहिलं नव्हतं.

"ओल्या छत्रीचं लोक करतात काय हो?" तिने एकदम विचारलं.

"काय करणार? धरून उभे राहतात."

"आणि बॅगेत टाकली तर?"

"बॅग भिजते."

"मग?"

"मग... भिजते."

"आणि कुणालाच काही सुचत नाही?" तिचे डोळे लकाकले. तेवढ्यात तिचा स्टॉप आला. एका बुटाचा पचक-पचक आवाज करत ती उतरून गेली. चष्मेवाला खिडकीतून पाहत राहिला आणि स्वतःचा स्टॉप चुकला. चुकणारच होता, सांगायलाच नको.

देवाची करणी म्हणा, नाहीतर तिचे डोळे म्हणा, पण त्याच महिन्यात ती नंबर तपासायला त्याच्याच दुकानात आली. दातांच्या दवाखान्यात ती पेशंटना नंबर लावून द्यायची. दिवसभर भिंतीपलीकडून येणारी दात कोरायच्या यंत्राची घरघर ऐकून डोकं उठायचं, असं म्हणाली. त्याने तिला खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला, तक्त्याची खालची ओळ वाचायला सांगितली. तिने घडाघडा वाचली.

"हे तुम्ही मगाशी दोन्ही डोळ्यांनी वाचलं होतं ते पाठ म्हणताय," तो म्हणाला.

"...कळलं वाटतं."

"रोजचंच आहे. दिसत नसेल तर नाही म्हणा, त्यात लाजायचं काय? तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगाल, मी चुकीचा नंबर काढून देईन, आणि डोकं दुखेल ते तुमचं."

तिने डोळ्यावरचा हात काढला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. "मला असाच माणूस हवा होता," ती म्हणाली.

चष्मेवाल्याच्या हातातली काच पडता पडता राहिली. "क... कशासाठी?"

"आयडिया दाखवायला. घरी दादा सगळ्यालाच नाही म्हणतो, मैत्रिणी सगळ्यालाच हो म्हणतात. मला खरं सांगणारं कुणीतरी हवंय." मग नाक आक्रसून, "तुम्हाला काय वाटलं?"

"काही नाही. मलाही तेच वाटलं."

"चेहऱ्यावरून नाही वाटत!"

आता काय सांगावं? पुढचे महिने म्हणजे नुसती धमाल होती. दवाखाना सुटला की ती दुकानात यायची आणि काउंटरला टेकून नवी आयडिया सांगायची. घरपोच इस्त्री करून द्यायची, म्हाताऱ्या माणसांना मोबाईल शिकवायचा, जुन्या साड्यांच्या उशा शिवायच्या. तोही तेव्हा भला माणूस होता. "इस्त्रीवाला तुमच्या गल्लीतच आहे, तो काय झोपलाय?" असं तोंडावर विचारायचा. ती भांडायची, रुसायची, आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणायची, "तुझं बरोबर होतं. चल, चहा पाज." अहो-जाहोचं अरे-तुरे कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

"तुला ठाऊक आहे, मी तुझ्याकडेच का येते?" एकदा तिने विचारलं होतं.

"चहा फुकट मिळतो म्हणून."

"तोही आहेच..." ती कप फिरवत म्हणाली. "पण तू चांगलं म्हणालास की ते चांगलं असतं रे. मग मी रात्री शांत झोपते."

हे ऐकलं आणि इथेच हे महाशय घसरले. आपल्या एका शब्दावर हिची झोप अवलंबून आहे, हे कळल्यावर त्याला तो शब्द द्यावासा वाटायला लागला.

आणि मग एका संध्याकाळी ती पिशवी घेऊन आली. लांबट, निळी, खांद्याला अडकवायची. बाहेरून पाणी न झिरपणारं कापड, आतून टॉवेलचं अस्तर. ओली छत्री घडी करून आत सरकवायची, दोरी ओढायची, झालं. कुणाच्या बुटात थेंब नाही.

"ही तुझी आहे," ती म्हणाली. "म्हणजे, आयडिया तुझी. तू नसता गळलास तर मला सुचलीच नसती. वापर, आणि मला सांग. अगदी खरं सांग हं..."

त्याने वापरली. पहिल्या दिवशी बसमध्ये लोक वळून वळून बघत होते. दुसऱ्या दिवशीही छान. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने दोरी सोडली आणि तोंड फिरवलं. आतला टॉवेल काही केल्या वाळत नव्हता. असा कुबट वास, की विचारू नका. त्याने ती उलटी करून पंख्याखाली टांगली, आत साबण ठेवून पाहिला. वास जात नव्हता.

सांगायचं काय होतं? "वास येतो." दोन शब्द. अरे, अख्ख्या गावाला "दिसत नाही तर नाही म्हणा" शिकवणारा तू, तुझी जीभ तेव्हाच का रे लुळी पडावी? पण ती काउंटरला टेकून उभी होती. नखांवर निळ्या दोऱ्याचे तुसे, रात्र-रात्र जागून डोळे लाल झालेले, आणि चेहऱ्यावर... जाऊ दे.

"कशी आहे?" तिने श्वास रोखून विचारलं.

"झकास!" तो म्हणाला.

तिने टाळी वाजवली. चक्क दुकानात, गिऱ्हाइकांसमोर! मग जवळ येऊन त्याच्या शर्टाच्या बाहीला हलकंच धरलं आणि म्हणाली, "थँक यू." त्या बाहीवर हात ठेवून हा गृहस्थ रात्रभर जागा होता.

एक खोटं बोललं की ते सांभाळायला दुसरं लागतं. ती म्हणायची, "एकदा काय, कुणीही कौतुकाने घेतं रे. परत कोण घेतं, ते बघायचं." मग हा सांगू लागला की दुकानातल्या सगळ्यांना पिशव्या हव्यात. वरच्या मजल्यावरच्या ऑफिसातही हव्यात. त्यांनी परत मागवल्यात. बहिणींना, सासूबाईंना द्यायला मागवल्यात. ती रात्री बसून शिवायची, हा पगारातून पैसे मोजून द्यायचा आणि पिशव्या नेऊन घरच्या कपाटात कोंबायचा. त्याला वाटत होतं, आपण तिला हात देतोय.

उन्हाळा सरत आला तेव्हा ती एका संध्याकाळी आली ती गप्प गप्प. "बसस्टॉपजवळ एक गाळा मिळतोय. छोटासाच आहे. पण दोन्ही नाही जमणार, नोकरी सोडावी लागेल... दादा म्हणतो, वेड लागलंय तुला." तिने त्याच्याकडे पाहिलं. "तू सांग. सोडू?"

इथे तरी बोलायचं होतं. तो म्हणाला, "सोड."

पावसाळा लागला आणि पहिले काही दिवस गाळ्यावर झुंबड उडाली. लोकांना पिशवी बघताक्षणी आवडायची. हा रोज संध्याकाळी मदतीला जायचा, दोऱ्या ओवत बसायचा. पाऊस पत्र्यावर ताडताड वाजायचा, दोघांचे खांदे लागायचे, आणि कुणीच सरकायचं नाही. सुख म्हणतात ते हेच असावं, असं त्याला वाटायचं.

मग गर्दी आटली. एक बाई पिशवी काउंटरवर टाकून, एक अक्षर न बोलता निघून गेली. बाकीचे आलेच नाहीत.

"असं का होतंय रे?" तिने विचारलं. "तुझे लोक तर परत परत घेतात. मग हेच का येत नाहीत?"

"पाऊस कमी झालाय ना," तो म्हणाला. बाहेर धो धो कोसळत होता.

एका रविवारी त्याच्या आईने तिला घरी चहाला बोलावलं. आईला पोरगी पाहताक्षणी आवडली, हे आईने बाहेर काढलेल्या बश्यांवरूनच कळत होतं. ठेवणीतल्या बश्या त्या. आईने तिचं गाव विचारलं, दादाची चौकशी केली. पिशव्यांचं मात्र कुणी बोललंच नाही, कारण ह्याने विषयच येऊ दिला नाही. चहा झाला, गप्पा झाल्या, ती निघाली. पावसाची सर आली तशी आई म्हणाली, "थांब गं, छत्रीला पिशवी देते. कपाट भरून पडल्यात."

"आई, राहू दे..." तो धडपडत उठला.

पण आईने कपाट उघडलंसुद्धा. निळ्या पिशव्यांचा ढीग धाडकन खाली आला.

"बघ ना," आई हसत म्हणाली. "हा कुठून आणतो कोण जाणे! दिसायला गोड, पण मेल्या दोन दिवसांत असा वास मारतात, घरात उंदीर मेला की काय म्हणून मी माळा उपसला. म्हटलं, ज्याने कुणी केल्यात त्याने एकदा पावसात वापरून तरी बघायच्या! आत जाळी लावायची, खालून उघडी ठेवायची, म्हणजे वारा लागेल की नाही? ...काय झालं गं?"

"काही नाही, काकू," ती म्हणाली. "तुम्ही खरं सांगितलंत. थँक यू."

तो जिन्यात तिच्यामागे धावला. ती मधल्या पायरीवर थांबली होती, भिंतीला हात लावून.

"ऑफिसातले लोक?" तिने विचारलं.

"...नव्हते."

"सासूबाई?"

"त्याही नव्हत्या."

"वास तुला कधी आला?"

"तिसऱ्या दिवशी."

तिने डोळे मिटले. "मी नोकरी सोडली रे. तुला विचारून सोडली."

"मला तुझा चेहरा पाडवेना. मला... तू आवडतेस. पहिल्या दिवसापासून, बसमधल्या. म्हणून मी..." किती महिने घोळवलेलं वाक्य, आणि बाहेर आलं ते असं, जिन्यात, मान खाली घालून.

तिने त्याच्याकडे पाहिलं. डोळे भरले होते, पण आवाज अगदी शांत.

"हे खरं आहे, हे मी कशावरून ओळखू? पिशवी आवडली म्हणालास, तेव्हाही तुझा चेहरा अस्साच होता."

"नाही गं, हे खरंच..."

"चुकीचा नंबर काढून दिलास मला," ती म्हणाली. "आणि डोकं माझं दुखतंय."

ती भिजत गेली. छत्री तिच्या हातातच होती, मिटलेली.

पुढचं वर्ष कसं गेलं ते विचारू नका. तो दोनदा तिच्या घरी गेला. दादाने दारातच सांगितलं की ती भेटणार नाही. गाळा बंद होता. दवाखान्यात तिच्या जागी दुसरी मुलगी बसली होती. तो दुकानात लोकांचे डोळे तपासायचा, पण "खरं सांगा" म्हणताना त्याची जीभ अडखळायची.

आणि पावसाळ्यात एका संध्याकाळी बसस्टॉपजवळचं ते शटर उघडं दिसलं. आत पिशव्या लटकत होत्या. ती नव्हती, तिचा दादा बसला होता. कधीकाळी वेड लागलंय म्हणणारा हाच तो! चष्मेवाल्याने एक पिशवी घेतली. नवीच होती: आत टॉवेलऐवजी जाळी, खालून चेन, उघडली की आरपार वारा. आईने सांगितली होती तशीच.

त्याने ती दिवसेंदिवस ओल्या छत्रीसकट कोंडून ठेवली. मनात एकच होतं, काहीतरी खोट सापडू दे. खरी खोट. ती घेऊन तिच्यासमोर जाईन, तोंडावर सांगेन, म्हणजे तिला कळेल की आता मी खरं बोलतो. त्याने शिवण ओढून पाहिली. चेन शंभरदा लावली-काढली. पट्टा खांद्याला रुततो का, ते चालून पाहिलं. नाक आत खुपसून वास घेतला. आईलाही घ्यायला लावला.

"काही नाही रे," आई म्हणाली. "छान केलीय पोरीने." आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवून आत गेली.

तो गाळ्यावर गेला तेव्हा ती होती. केस वर बांधलेले, गळ्यात मोजपट्टी, पुढ्यात गिऱ्हाइकं. तिने त्याला पाहिलं. क्षणभर हातातली पिशवी तशीच राहिली.

"काही तक्रार आहे का?" तिने विचारलं.

"नाही."

"वास येतो?"

"नाही येत."

"पट्टा?"

"बरोबर आहे."

"मग?"

सगळं ठरवून आला होता बिचारा. पण सांगण्यासारखा खरा असा त्याच्याकडे एकच शब्द होता, आणि तो त्याने केव्हाच खोट्यापायी खर्चून टाकला होता. तरी तो म्हणाला. दुसरं करणार काय?

"झकास आहे."

ती हसली. नाक आक्रसलं नाही. "सगळेच म्हणतात," ती हळूच म्हणाली. "सांभाळून जा, पाऊस वाढतोय." मग ती वळली. "बोला ताई, तुम्हाला कोणता रंग दाखवू?"

बस खचाखच भरलेली होती. तो दांडीला धरून उभा राहिला, खांद्याला निळी पिशवी, पिशवीत ओलीचिंब छत्री. समोर एक मुलगी बसली होती, खिडकीतून बाहेर बघत. त्याने खाली पाहिलं. तिचे दोन्ही बूट कोरडे होते.